इंदूरच्या परसबागेत जुन्या वस्तीच्या खुणा कशा वाचाव्यात

परसबागेत कोणती झाडे जगतात आणि किती प्रकारची जगतात, हे पाऊस, ऊन आणि घरच्यांची हौस यांवर ठरते असे आपण गृहीत धरतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. त्याच जागेवर आपल्या आधी कोण राहिले, त्यांनी चुलीतली राख आणि खरकटे कोठे टाकले, गुरे कोठे बांधली आणि येताना कोणते बी-बेणे बरोबर आणले, याचा हिशेब मातीत आणि झाडांच्या यादीत शिल्लक राहतो. जुने इंदूर, मल्हारगंज, रामबाग, नंदलालपुरा या भागांत ज्यांच्या घरामागे अजून थोडी उघडी माती उरली आहे, त्यांना हा हिशेब स्वतः वाचता यावा यासाठी हे टिपण आहे. शेतजमिनीवर वसलेल्या नव्या वसाहतींतील वाचकांनाही ते लागेल, कारण तुलनेसाठी त्यांच्याच बागा उपयोगी पडणार आहेत.

जुन्या वस्तीचा परिणाम घडतो कसा

या विषयातला सर्वांत ठळक पुरावा ब्राझीलमधील अमेझॉन खोऱ्यातला आहे. तेथील मूळ जमीन पिवळसर-तांबडी, आम्लधर्मी आणि निकस आहे. परंतु नद्यांकाठच्या उंचवट्यांवर मधूनमधून काळ्या, सुपीक मातीचे पट्टे आढळतात, ज्यांना तेथील लोक ‘तेरा प्रेता’ म्हणतात. या मातीत कोळसा, खापऱ्या, मासे व प्राण्यांची हाडे सापडतात, आणि स्फुरद (फॉस्फरस) व कॅल्शियम यांचे प्रमाण आसपासच्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक असते. युरोपीय लोक पोहोचण्यापूर्वी तेथे नांदलेल्या वस्त्यांनी, बहुतांशी गेल्या अडीच हजार ते पाचशे वर्षांपूर्वीच्या काळात, ही माती घडवली. आजची कुटुंबे त्याच पट्ट्यांवर बागा करतात; आणि मदेइरा नदीकाठी अशा बागांची शेजारच्या साध्या जमिनीवरील व पूरमैदानातील बागांशी तुलना केली तेव्हा तिन्ही ठिकाणच्या वनस्पतींचा मेळ वेगवेगळा निघाला. जंगलही याला अपवाद नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, प्राचीन लोकांनी कमी-अधिक माणसाळवलेल्या ८५ वृक्षजाती तपासल्या गेल्या, आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या जवळ त्यांचे प्रमाण वाढते असे दिसून आले.

माळव्यात मात्र रंगांची अदलाबदल होते. येथील मूळ जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली काळी, चिकण आणि विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) आहे, तर जुन्या वस्तीची माती राखेमुळे करडी-पांढुरकी दिसते. महाराष्ट्रात शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात ते याच कारणाने. आणि शेतकऱ्यांनी पांढरीची माती खत म्हणून शेतात वाहून नेल्यामुळे अनेक प्राचीन टेकाडे झिजली, ही पुरातत्त्वज्ञांची जुनी तक्रार आहे. त्या मातीचे खतमूल्य शेतकऱ्यांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होते, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

इंदूरच्या आसपास वस्तीचा इतिहास लहान नाही. उज्जैन जिल्ह्यातील कायथा येथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली आहे. महेश्वरसमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात उत्खनन झाले, आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांमधून गहू, मसूर, वाटाणा, लाख (लाखोळी डाळ), जवस यांच्या जळक्या दाण्यांबरोबर बोर आणि आवळाही मिळाला. बोर आणि आवळा ही दोन्ही झाडे आजही माळव्यातल्या परसात उभी आहेत. ती कोणी मुद्दाम लावली की बी टाकल्याने उगवली, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

म्हणजे वारसा दोन वाटांनी येतो. एक वाट मातीची, दुसरी बी-बेण्याची. मातीची स्मृती अधिक टिकाऊ असते, कारण नत्र वाहून व उडून जाते, पण स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन शतकानुशतके जागेवर राहतो. तरीही इंदूरसारख्या, सतत पाडून बांधल्या जाणाऱ्या शहरात, माझ्या मते, बेण्याची वाट अधिक स्पष्ट वाचता येते. म्हणून पुढील कामात दोन्ही तपासावेत, पण यादीवर जास्त वेळ द्यावा.

प्रथम नकाशा

कागदावर घर आणि बागेचा साधा आराखडा काढावा व त्यात अंगण, परसदार, विहीर किंवा तिची बुजवलेली जागा, मोरीचे पाणी जाते ती वाट, जुना गोठा, उकिरडा, तुळशीवृंदावन आणि कुंपण दाखवावे. उकिरडा आणि गोठा बहुधा नाहीसे झालेले असतात. त्यांची जागा घरातील आजी-आजोबांना किंवा जुन्या शेजाऱ्यांना विचारावी. चूल कोठे होती आणि राख कोणत्या बाजूला टाकत असत, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ माहिती निघते, असा अनुभव आहे. नळाचे पाणी कधी आले हेही लिहून ठेवावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर्मदेचे पाणी इंदुरात आल्यानंतर बागांत जी हिरवळ, नेचे आणि रुंद पानांची शोभेची झाडे वाढली, ती जुन्या वस्तीच्या खात्यावर मांडता येणार नाहीत.

मातीची तपासणी

पावसाळा संपून वाफसा आल्यावर, साधारण आश्विन-कार्तिकात, नकाशातील चार जागा निवडाव्यात: उकिरड्याची किंवा गोठ्याची जागा, मोरीकाठ, अंगण, आणि चौथी अशी जागा की जेथे कधी घर नव्हते. ही चौथी जागा अत्यावश्यक आहे. ती आपल्याकडे नसेल तर त्याच परिसरातील एखादा मोकळा भूखंड किंवा शेताचा बांध चालेल, मात्र मूळ जमीन त्याच प्रकारची असावी. तिच्याशी पडताळा केल्याशिवाय बाकीच्या तीन नमुन्यांना काही अर्थ उरत नाही.

प्रत्येक जागी वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती खुरप्याने वरून खाली तासावी, चार-पाच ठिकाणची माती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो पिशवीत भरून कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद व पालाश (पोटॅश), आणि शक्य असल्यास जस्त व लोह यांची मागणी करावी. विम्ल जमिनीसाठी वापरल्या जाणाऱ्या ओल्सेन पद्धतीत, मूलद्रव्याच्या हिशेबाने, हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद कमी मानला जातो आणि २५ किलोच्या वर भरपूर. गोठ्याच्या जागेचा आकडा चौथ्या जागेच्या कितीतरी वर निघाला, आणि तेथे डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची रासायनिक खते टाकल्याचे कोणाला आठवत नसेल, तर वस्तीची खूण मिळाली असे मानण्यास हरकत नाही. डीएपी टाकले असेल तर हा पुरावा बाद समजावा.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत डोळ्यांनीही बरेच कळते. मातीचा ढेकूळ फोडून त्यात खापऱ्या, विटांचे तुकडे, हाडे, कोळसा आहे का ते पाहावे. कोळसा कागदावर काळी रेघ उमटवतो आणि वाळलेला असल्यास पाण्यावर तरंगतो. काळा दगड यांपैकी काहीच करत नाही. लिंबाचा रस टाकल्यावर माती फसफसली म्हणजे जुना चुना सापडला, असे मात्र समजू नये, कारण माळव्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे नैसर्गिकरीत्याच असतात.

खोलीवरून वय काढण्याचा मोह येथे विशेष टाळावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या वस्तू भेगांतून खाली पडतात आणि पावसात फुगलेली माती त्यांना गिळून टाकते. वर्षानुवर्षे ही उलथापालथ चालू असल्यामुळे हातभर खाली प्लॅस्टिकचे बटण आणि वर जुनी खापरी सापडणे अगदी शक्य आहे. थर जागेवर राहतात असे गृहीत धरणारी पद्धत गाळाच्या किंवा वाळूच्या जमिनीत चालेल, येथे नाही.

एक कायदेशीर सूचना. बागेत खुरप्याने वीतभर खणणे वेगळे आणि प्राचीन टेकाडावर खणणे वेगळे. संरक्षित स्थळांभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित असतो. नाणी, मूर्ती यांसारखे काही हाती लागल्यास खोदणे थांबवून जिल्हा प्रशासनाला कळवावे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे.

वनस्पतींची यादी

यादी वर्षातून दोनदा करावी: एकदा भाद्रपदात, जेव्हा आपोआप उगवणारे सर्व काही वर आलेले असते, आणि एकदा वैशाखात, जेव्हा फक्त खरे टिकाऊ उरते. यादीत कुंडीतली झाडे, वेली, भाजीचे वाफे आणि तण, सर्व घ्यावे. तण वगळण्याची सवय असते, पण या कामात तणच अधिक बोलके आहे. आघाडा, धोतरा, एरंड, चाकवत, तांदुळजा, माका यांसारख्या वनस्पतींना माणसाने ढवळलेली, उकिरड्याची, नत्र-स्फुरदाने भरलेली जमीन मानवते. त्या एका कोपऱ्यात दाटीने येत असतील आणि दोन हातांवर विरळ होत असतील, तर त्या कोपऱ्यात पूर्वी काय होते ते नकाशात पाहावे. गौरीच्या पत्रीसाठी आघाडा लागतो म्हणून तो जपणारी घरे इंदुरात पुष्कळ आहेत. तेव्हा दाटीचे कारण विचारल्याशिवाय लिहू नये.

प्रत्येक वनस्पतीपुढे पाच गोष्टी नोंदवाव्यात: लावलेली की आपोआप आलेली, कोणी व कोठून आणली, साधारण कधी, उपयोग काय, आणि नकाशातील जागा. नावे घरात जी चालतात ती सर्व लिहावीत, कारण एकाच घरात आजी पेरू म्हणते आणि नातवंडे जाम म्हणतात, आणि अशा यादीत एक झाड दोनदा मोजले जाते. आपोआप उगवलेल्या रोपांबाबत बी कोणी आणले याचा अंदाज करावा. कडुलिंब, बोर, जांभूळ, उंबर हे पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या पोटातून येतात, म्हणून तारेखाली, कुंपणाशी, भिंतीच्या फटीत उगवतात. सीताफळ आणि आंबा मात्र बहुधा जेथे माणसाने फळ खाऊन बी फेकले तेथे येतात. परसदाराच्या पायरीशी सीताफळ का असते, याचे उत्तर त्यात आहे.

कलमी झाडांच्या बुंध्याकडे नीट पाहावे. चिकूचे कलम बहुधा रायणीच्या (खिरणीच्या) खुंटावर बांधलेले असते, आणि सांध्याच्या खालून फुटलेली फांदी रायणीची पाने घेऊन वर येते. मध्य अमेरिकेतून आलेले फळ आणि येथल्या रानातला खुंट एकाच बुंध्यात उभे असल्यामुळे अशा झाडाची नोंद दोन्ही नावांनी करावी.

थर लावणे

यादी पूर्ण झाल्यावर वनस्पतींची येण्याच्या काळानुसार वाटणी करावी. ही वाटणी जातीच्या आगमनाची आहे, आपल्या बागेतल्या त्या विशिष्ट झाडाच्या वयाची नव्हे. हा फरक विसरला तर सगळेच चुकते.

पहिल्या गटात वड, पिंपळ, उंबर, बेल, कवठ, आवळा, बोर, जांभूळ, कढीपत्ता, तुळस ही येथलीच किंवा भारतीय उपखंडातलीच मंडळी येतात. दुसऱ्यात फार पूर्वी बाहेरून आलेली: आफ्रिकेतून चिंच व एरंड, इराणच्या बाजूने डाळिंब. मांडूची गोरखचिंच (बाओबाब) हीही आफ्रिकेची. मांडूच्या, म्हणजे मांडवगडाच्या, अवशेषांत तिचे अवाढव्य बुंधे दिसतात आणि तिची फळे तेथे आजही विकली जातात. वस्ती ओस पडली तरी माणसाने आणलेले झाड मागे राहते, हे पाहायचे असल्यास इंदूरहून याहून चांगले ठिकाण नाही.

तिसरा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या मार्गे व नंतर इतर वाटांनी अमेरिकेतून आलेल्या वनस्पती, म्हणजे मिरची, पेरू, पपई, सीताफळ, रामफळ, झेंडू, निशिगंध, गुलबक्षी, पांढरा चाफा, पिवळी कण्हेर, आपल्या पूजेत आणि स्वयंपाकात इतक्या मुरल्या आहेत की त्या पहिल्या गटात घालाव्यात असेच वाटते. दसऱ्याचे तोरण ज्या झेंडूचे, तो मेक्सिकोचा. याचा कोणी विषाद मानू नये. अमेझॉनमधील काळ्या मातीवरच्या बागांतही बाहेरून आलेल्या जाती पुष्कळ दिसतात, कारण पोसलेल्या मातीत परके बेणे लवकर रुजते.

चौथा गट घराण्यांबरोबर आलेला. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांना माळव्यातील महाल मिळाल्यावर आणि १८१८ नंतर राजधानी इंदुरात आल्यावर दक्षिणेकडून जी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांच्या परसात वडीचा अळू, तोंडली, केळ, हळद, जाई-जुई, सोनचाफा अशी ठेवण दिसते. यांतील कोणतीही वनस्पती माळव्याला नवी होती असा दावा करता येणार नाही. नवी होती ती त्यांची जोडी आणि जागा. अळू मोरीच्या पाण्यावर, तोंडलीचा वेल मांडवावर, केळ न्हाणीमागे. जागेचा हा क्रम दोन-तीन घरांत सारखा आढळला तर तो नोंदवावा, कारण तो रोपवाटिकेतून येत नाही. पाचव्या गटात गुलमोहर, बोगनवेल यांसारखी बंगल्यांच्या काळातली झाडे आणि सहाव्यात आजच्या रोपवाटिकेची खरेदी.

आता तुलना. जुन्या भागातील आणि नव्या वसाहतीतील शक्यतो सारख्या क्षेत्रफळाच्या बागा घ्याव्यात, कारण मोठ्या अंगणात जाती अधिक असणारच. एकूण संख्येपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: अळू, केळ, पपई, भोपळा यांसारख्या खादाड वनस्पती खताशिवाय कोठे तग धरतात, आणि आपोआप आलेल्यांचे प्रमाण कोठे जास्त आहे. नव्या वसाहतीत सहावा गट फुगलेला आणि आपोआप आलेल्यांचा रकाना जवळजवळ रिकामा आढळला, तर तेथे बांधकामाचा राडारोडा आणि विकत आणलेली लाल माती यांनी मूळ जमीन झाकली आहे का, ते आधी तपासावे.

मिळालेल्या माहितीवर बाग कशी सांभाळावी

जुनी माती उचलून नवी भरू नये, हा पहिला नियम. ती करडी आणि भुसभुशीत दिसते म्हणून माळी तिला मेलेली माती म्हणतात, पण अहवाल बहुधा उलट सांगतो. दुसरा नियम, अमेझॉनची नक्कल करू नये. तेथील आम्ल जमिनीला राख व कोळशाने सामू वाढून फायदा झाला. आपली माती आधीच विम्ल असल्याने राखेचा मारा केल्यास लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होतात. पेरूची किंवा जास्वंदीची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर हेच घडते आहे. स्फुरद अतोनात असेल तरीही जस्ताची टंचाई दिसते. अशा जागी डीएपी पूर्ण बंद करून शेणखत व पालापाचोळ्यावरच भर द्यावा. रस्त्यालगतच्या जुन्या आवारात जुना रंग किंवा बॅटऱ्या पडल्याची शंका असल्यास शिशाची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर तेथे पालेभाजी व कंद न लावता फळझाडे लावावीत.

मातीत भर घालण्यासाठी इंदूरकरांना परक्या पद्धतीकडे पाहण्याचे कारण नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेत, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, ‘इंदूर पद्धत’ बसवली: काडीकचरा, शेण, गुरांच्या मुताने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर, तीन वेळा पालटणे, आणि सुमारे तीन महिन्यांत तयार खत. भारतीय आणि चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रिवाजांना त्यांनी मोजमापाची शिस्त लावली. घरगुती प्रमाणात गुरांच्या मुताऐवजी पातळ केलेली शेणस्लरी चालते आणि राख चिमूटभरच ठेवावी. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनीही इंदूर दरबारसाठी १९१८ साली दिलेल्या नगररचनेच्या अहवालात घरालगतच्या बागांचा आग्रह धरला होता. आज ओला कचरा गाडीत जातो आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा वायू होतो. शहरासाठी ही उत्तम सोय आहे, परंतु ज्या प्रक्रियेने परसाची माती घडली ती त्यामुळे घरापुरती थांबली, म्हणून निदान भाजीची देठे आणि पालापाचोळा तरी घरच्या खड्ड्यात ठेवावा.

वाडा पाडून इमारत होणार असेल तर यादी आणि नकाशा त्याआधी पूर्ण करावा, आणि वरची हातभर माती राडारोड्यात मिसळण्यापूर्वी बाजूला काढून ठेवावी किंवा शेजारच्या बागेला द्यावी. अळूचे कंद आणि केळीचे मुनवे पावसाच्या तोंडावर हलवावेत. कढीपत्त्याच्या मुळांवर आलेले फुटवे मुळासकट काढावेत. पांढऱ्या चाफ्याची फांदी चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मग लावावी, नाहीतर ती कुजते. जाई-जुईच्या फांद्या जागेवरच मातीत दाबून मुळे फुटल्यावर तोडाव्यात. आणि प्रत्येक रोपाबरोबर त्याची नोंद, म्हणजे कोणाच्या घरातून, कोणत्या कोपऱ्यातून आणि कोणी लावलेले, हीदेखील नव्या घराला लिहून द्यावी.